पाळीखालचं घर

१४ मे

निवृत्तीच्या दिवशी विभागातल्या पोरांनी ही डायरी दिली होती. सत्यभामा म्हणाली, दुधाचे खाडे लिहायला होईल. दिली नाही. आज सातबारावर माझं नाव चढलं, शेत आणि वरची बोडी दोन्ही. आजपासूनच लिहितो.

बोडी लहानच आहे. टेकडीच्या दोन सोंडांमध्ये मातीची पाळ घालून, ज्यांच्याकडून घेतली त्या भय्याजींच्या आजोबांनी अडवलेलं पाणी. सरकारी तलाव नव्हे, घरची बोडी. माझा बाप उन्हाळ्यात त्या पाळीवर माती वाहायला जायचा. तहान लागली तरी बोडीच्या पाण्याला हात लावायचा नाही, असा दंडक होता. पाळीच्या बाहेरच्या अंगाला, पायथ्याशी, झिरप्याचं पाणी खड्ड्यात साचायचं. आमच्या लोकांनी ते प्यायचं. बाप हे सांगताना हसायचा. मला लहानपणीही कधी हसू आलं नाही.

आज ती पाळ, आतलं पाणी, बाहेरचा झिरपा, सगळं माझं आहे.

लाखनीच्या तहसिलीतून परत येताना भय्याजींनी स्वतःच्या गाडीत बसवलं, थेट घरी नेलं. ओसरीवर खुर्ची टाकायला लावली. "बसा मालक," म्हणाले. ज्यांच्या बोडीचं पाणी आम्हाला वर्ज्य होतं त्यांचा नातू मला मालक म्हणाला. आतून चहा आला तो कपबशीत, त्यांच्या कपासारख्याच कपात. त्यांचं लक्ष नसताना मी कप उचलून खालून बघितला, वेगळा ओळखू यावा म्हणून काही खूण तर नाही. नव्हती.

घरी येऊन सत्यभामेला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "एवढी चांगली बोडी होती तं इकली कायले?"

आनंदाच्या दिवशी बायकांना असलंच सुचतं.

२७ मे

जवाहरनगरचं क्वार्टर सोडलं. सामान टेम्पोत भरून बापाच्या जागेवर बांधलेल्या घरात आलो. नोकरीभर मी दारूगोळ्याच्या कारखान्यात सुरक्षा विभागात होतो. शेडमध्ये जाणाऱ्याचा खिसा तपासायचा, काडीपेटी बिडी बाहेर ठेवायला लावायची. मोठमोठ्या साहेबांचे खिसे तपासले. आता तपासायला कोणी नाही.

दुपारी मंगरू भेटायला आला. तो माझ्याच वयाचा. पाळीखाली मासोळी धरणाऱ्या ढिवरांची थोडीशी घरं आहेत, त्यातलं पाळीला अगदी लागून असलेलं त्याचं. लहानपणी गुरं घेऊन जायचो तेव्हा बोडीच्या पलीकडच्या कोपऱ्यात, कोणी बघत नाही असं पाहून, त्यानेच मला पोहायला शिकवलं होतं. आता तो बोडीत मासोळी सोडतो, शिंगाडे लावतो. पाळीच्या पोटातून शेतात पाणी सोडायचं जे तुडुम आहे, त्याचं लोखंडी दार उघडणं-लावणंही त्याच्याकडेच. दार फिरवायचा दांडा त्याच्या घरी आढ्याला टांगलेला असतो.

"आता तुही बोडी," तो म्हणाला. "आता दिवसाउजेडी पोह्य."

खूप हसलो दोघं. सत्यभामेने त्याला जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही.

११ जून

मंगरूच्या बायकोने, गुणाबाईने, बोलावून नेलं. तिच्या घराची मागची भिंत पाळीकडे आहे. चुलीमागे भिंतीला हात लावला तर हाताला ओल येते.

"सरता उन्हाळा भाऊजी, पाण्याचा थेंब नाई पडला. भिंत वली कशी?"

घराच्या मागे जाऊन बघितलं. पाळीचा पायथा ओला आहे. आजूबाजूला सगळं करपलेलं आणि तेवढाच पट्टा हिरवागार, बेडकं बसलेली. ओंजळ भरून पाणी घेतलं. थंड, स्वच्छ. प्यायलो.

"काय करून राहिले!" सत्यभामा सोबत होती, ती ओरडली.

माझ्या बापाने हेच पाणी प्यायलं, असं तिला सांगितलं.

संध्याकाळी भय्याजींना विचारलं. ते म्हणाले, "थो झिरपा तं तुमच्या बाबाच्या वेळचा हाय, मालक. मातीची पाळ हाय, घाम येणारच. घाम येणं बंद झालं तं माणूस गेला म्हणा." मग थोडा आवाज उतरवून म्हणाले, "ढिवरांचं फार मनावर नका घेऊ. आज भिंत वली म्हणतील, उद्या म्हणतील घर बांधून द्या."

हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. गुणाबाई मला भाऊजी म्हणते, ते हल्ली जरा जास्तच म्हणते की काय?

२२ जून

तरीही राहवलं नाही. कारखान्यातल्या एका सोबत्याचे व्याही पाटबंधाऱ्याचे निवृत्त इंजिनिअर, भंडाऱ्याला असतात. त्यांना एसटीने बोलावून घेतलं. त्यांनी पाळीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत पायी फेरी मारली. वाळवीची वारुळं दाखवली, खेकड्यांची बिळं दाखवली. पाळीवर एक जुनं झाड तोडलेलं आहे, त्याची मुळं आत सडली असतील म्हणाले. पहार खुपसली तर ती लोण्यात गेल्यासारखी गेली.

"शेवटची दुरुस्ती कधी झाली?"

मला माहीत नव्हतं. मंगरू म्हणाला, "गोंदिया जिल्हा आपल्यातून तुटला, त्या साली माती टाकली होती. त्याच्यानंतर कोणी कुदळ नाई लावली."

इंजिनिअर म्हणाले, यंदा बोडी अर्ध्याच्या वर भरू द्यायची नाही. तुडुम उघडं ठेवा. पायथ्याशी रेती आणि दगड टाका, म्हणजे पाणी जाईल पण माती जाणार नाही. पावसाळा संपला की पाळ उकलून नव्याने बांधा. जाता जाता हेही म्हणाले: "पाणी स्वच्छ येतं तोवर बरं आहे. गढूळ आलं की माती आतून चालली समजायचं. मग खालच्या घरांतली माणसं काढायची. दुसरं काही करत बसायचं नाही."

मंगरूला सांगितलं, दार उघडं ठेव. कारखान्यात एखाद्या शेडबद्दल कोणी असं बोललं असतं तर मी तास न लावता शेड रिकामी करून घेतली असती. इथेही तसंच करायचं ठरवलं आहे. रेतीची चौकशी उद्या.

२९ जून

आज भय्याजी स्वतः आमच्या घरी आले. लिहून ठेवण्यासारखी गोष्ट आहे. त्यांच्या घरातल्या माणसाने आमच्या मोहल्ल्यात येऊन बाजेवर बसणं, पाणी मागून पिणं हे पहिल्यांदा झालं. शेजारपाजारचे दारात येऊन बघत होते. सत्यभामेने लोटा घासून दिला.

त्यांनी शेत मला विकलं तरी डाव्या अंगाच्या धानाच्या बांध्या त्यांच्याकडेच आहेत आणि त्या याच बोडीच्या पाण्यावर आहेत. धानाची रोपं, पऱ्हे, तयार झाले, पण पावसाने ओढ दिली. रोवणा, म्हणजे लावणी, अडला आहे; त्याला पाणी साठवून एकदम सोडावं लागतं.

"आमच्याकडं होती तोवर बोडी कधी रिकामी नाई राहिली," ते म्हणाले. "तुमच्या हातात आली आन् पहिल्याच साली पाणी सोडून देऊन राहिले. मी नाई म्हणत काही. लोक म्हणतात."

"काय म्हणतात?"

"जाऊ द्या."

"नाही, सांगा."

"जाऊ द्या मालक. लोकांचं काय!"

ते गेल्यावर सत्यभामा म्हणाली, "त्याईच्या बांध्यांसाठी आले होते." मी म्हटलं, तुला त्यांचं येणं दिसलं नाही, बांध्या दिसल्या.

तिसऱ्या प्रहरी मंगरूला सांगून तुडुम बंद केलं. पाऊस वाढला की परत उघडू. रेतीचं राहिलं.

१३ जुलै

बोडी भरली. भय्याजींनी आपली माणसं पाठवून सांडव्यावर रेतीच्या पोत्यांची रांग लावून दिली, म्हणजे वाहून जाणारं पाणीही आत राहील. त्यांच्या बांध्यांत रोवणा झाला, माझ्या शेतात झाला, गावातल्या दुसऱ्या दोघातिघांचा झाला. लोक वाटेत थांबून रामराम करतात, आमच्या लोकांपैकी नसलेलेही.

सकाळी पाळीवर उभा राहिलो. पाणी या काठापासून त्या काठापर्यंत आणि पाळीच्या माथ्याच्या हातभर खाली. एवढी भरलेली बोडी मी जन्मात बघितली नाही.

गुणाबाईने चूल पुढच्या अंगणात मांडली आहे. मी दिसलो तेव्हा आत निघून गेली. मंगरू म्हणाला, "पोते तरी काढून टाक भाऊ. पाऊस एकदम आला तं पाणी जाईल कुठून?" मी म्हटलं, बघू.

पायथ्याची ओल आता पार त्यांच्या अंगणापर्यंत आहे. पाणी अजून स्वच्छ आहे. मी बघितलं.

२४ जुलै

परवापासून वर्षावास सुरू झाला. विहारात रोज वाचन असतं, सत्यभामा जाते. पाऊसही त्याच दिवसापासून थांबलेला नाही.

आज सकाळी भय्याजींचा गडी बोलवायला आला. पाळीवर पोचलो तर मंगरूने कोणाला न विचारता तुडुम पूर्ण उघडलेलं, सांडव्यावरची पोती ओढून काढलेली. पाट फुगून भय्याजींच्या बांध्यांत पाणी घुसत होतं, नुकताच रोवलेला धान त्याखाली गेलेला. बरीच माणसं जमली होती. भय्याजी छत्री धरून मागे उभे होते.

"कोणाला विचारून उघडलंस?" मी म्हटलं.

"इचारायले वेळ कुठं होता? पाणी गढूळ येऊन राहिलं भाऊ. ये, तूच पाह्य."

"पावसात सगळंच पाणी गढूळ असतं."

"हे तसं नाई. चाल तं खाली, एक डाव हात घालून पाह्य."

तो माझा हात धरून ओढायला लागला. सगळ्यांच्या समोर. भय्याजी शेजारच्या माणसाकडे बघून हसले. नुसते हसले. मग मला काय झालं ते मला कळतं आहे, त्यात चूक वाटत नाही. मी हात झटकला.

"मालक कोण आहे इथं?"

"तूच हायस ना बावा. म्हणून तं तुले..."

"मग लायकीत राह. ढिवराने मासोळी पाहावी. पाळ पाहायची नाही. आजपासून बोडीवर पाय ठेवायचा नाही. दांडा आण इकडे."

मंगरू पाळ उतरला. मग घरात जाऊन दांडा घेऊन आला आणि दोन्ही हातांवर ठेवून पुढे केला. "घ्या, मालक."

तुडुम मी माझ्या हाताने बंद केलं. पोती परत लावली. उतरताना भय्याजी म्हणाले, "आता शोभले." दांडा त्यांच्याच घरी ठेवला. माझं घर गावाच्या टोकाला, मंगरू चोरून नेईल असं त्यांचं म्हणणं, आणि ते बरोबर आहे.

घरी आलो तर सत्यभामा विहारातून येऊन ओले केस पुसत होती. "मघाशी पाळीवर कोण ओरडून राहिलं होतं?" तिने विचारलं. "वाऱ्यावर आवाज येत होता. मले वाटलं भय्याजी."

"मी होतो," मी म्हटलं.

ती पुसता पुसता थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली. खोटं कशाला लिहू, मला ते आवडलं.

इंजिनिअरचं वाक्य लक्षात आहे. पाऊस थांबला की नीट बघतो.

३० जुलै

शनिवारपासून लिहिता आलं नाही. जे झालं ते जसं झालं तसं लिहितो.

शनिवारी सकाळी पाऊस जरा ओसरला होता. गुणाबाई दारात आली. त्या भांडणानंतर ती आमच्याकडे फिरकली नव्हती. डोक्यापासून पायापर्यंत चिखल.

"भाऊजी, पाळीतून मांडीएवढी धार येऊन राहिली. थे तिथं धानाचं तणस कोंबून राहिले. दांडा द्या, लवकर द्या."

दांडा भय्याजींकडे. मी तिकडे निघालो. सत्यभामा काही न विचारता गुणाबाईसोबत पाळीकडे धावली. जाताना वळून मला म्हणाली, "पळा!"

भय्याजींचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला. मी पळतच गेलो. ते पूजेत होते. सुनेने सांगितलं, बसा. मी म्हटलं, घाई आहे, फक्त दांडा द्या. आतून त्यांचाच आवाज आला, "बसा मालक, आलोच."

मी बसलो.

चहा आला. ते हात पुसत बाहेर आले. मी म्हटलं, पाळीतून पाणी येतं आहे, दांडा पाहिजे. ते म्हणाले, "एवढ्या वर्षांची पाळ, काय आजच फुटते! चहा घ्या. माणसं देतो सोबत." कप माझ्या हातात होता. तो तसाच ठेवून उठणं, त्यांच्या ओसरीवर त्यांच्यापुढे, माझ्याने झालं नाही. का झालं नाही ते मला लिहिता येत नाही. मी बशीत ओतून पटपट प्यायलो. तोंड भाजलं. ते गड्याला दांडा कुठे ठेवला म्हणून विचारत होते.

तेव्हा आवाज झाला. फार मोठा नाही. हायवेवर टिप्परमधून गिट्टी ओतावी तसा, पण तो संपेचना.

भय्याजी म्हणाले, "गेली."

सत्यभामा आणि गुणाबाईने सगळी घरं रिकामी केली होती. म्हातारी माणसं, लेकरं, शेळ्यासुद्धा टेकडीवर नेल्या होत्या. खाली मंगरू एकटा होता. घरं राहिली नाहीत. पाळीच्या मध्ये एक खिंडार, त्यातून टेकडी दिसत होती.

आणि बोडी रिकामी. चिखलात मासोळ्या उड्या मारत होत्या, रोहू, कतला, मरळ. मी पोचलो तेव्हा अर्धं गाव चिखलात उतरलेलं होतं. टोपल्या, घमेले, लुगड्याचे ओचे. भय्याजींचे गडी टिपाड घेऊन आले होते. खाली नाल्याच्या काठाकाठाने गुणाबाई मंगरूचं नाव घेत चालली होती आणि वर एका कतल्यावरून दोघांची ओढाताण चालली होती. मी ओरडलो, आधी माणूस शोधा. एक बाई मान वर न करता म्हणाली, "बोडी तं फोडली तुमी. आता मासोळीही सडू द्यायची काय?"

मंगरू संध्याकाळी सापडला, खूप खाली, सिंदीच्या मुळांत अडकलेला. मुठीत तणस होतं. मूठ उघडेना, तशीच ठेवली.

६ ऑगस्ट

पोलीस पंचनामा करून गेले. सगळं गाव जमलं होतं. भय्याजींनी अगदी हळू, दुःखाने सांगितलं, "मी म्हटलं होतं यांना, पाणी जास्त होऊन राहिलं, सोडा. पण नवी नवी मालकी होती."

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनीही माझ्याकडे बघितलं, नजर चुकवली नाही. मला बोलायचं होतं. गुणाबाई तिथेच बसली होती, तिला खरं माहीत होतं. तिने माझ्याकडे बघून वाट पाहिली. मी बोललो नाही, तेव्हा तिने मान खाली घातली.

गुन्हा माझ्यावर दाखल झाला. त्यात खोटं काही नाही. जामीन कोण राहिलं, तर भय्याजी.

पारावर कोणीतरी म्हणालं, बोडी राखणं सगळ्याइचं काम नाई. 'सगळ्याइचं' म्हणजे कोणाचं ते मला कळतं. मंगरूला मी जे म्हटलं होतं ते आठवलं. तेही असंच होतं.

९ ऑगस्ट

सत्यभामा आज रुचिताकडे, मुलीकडे, भंडाऱ्याला निघून गेली. बॅग भरताना तिने विचारलं, "त्या दिवशी आमी साऱ्या घरातल्या म्हाताऱ्या पाठीवर घेऊन टेकडीवर नेल्या. तुमाले एक दांडा आणायले एवढा वेळ काहून लागला?"

"भय्याजी पूजेत होते."

"मंग?"

"बसा म्हणाले."

"बसून काय केलं?"

मी सांगितलं.

"चहा," ती म्हणाली. मग पुन्हा एकदा, "चहा." आणि बॅगेची चेन लावली.

बस येईपर्यंत आम्ही रस्त्यावर उभे होतो. ती माझ्या बाजूला उभी नव्हती.

२१ ऑगस्ट

भय्याजींनी बोलावलं होतं. म्हणाले, फुटकी बोडी ठेवून काय करता? परत माझ्या नावावर करून द्या. पाळ मी पाहून घेईन. केस चालेल तेव्हा साक्षीत सांगीन की पाऊसच तसा होता.

आता मला सगळं समजतं. बोडी का विकली, सत्यभामेने पहिल्याच दिवशी विचारलं होतं. पाळ जाणार हे त्यांना ठाऊक होतं. पाणी त्यांना पाहिजे होतं, पाळ नको होती. ज्याच्या नावावर पाळ, त्याच्या माथी मरण. असा एक मालक त्यांना हवा होता, जो दोन गोड शब्दांवर पाणी धरून ठेवील. असा माणूस त्यांनी बरोबर निवडला.

हे समजूनही मी सही केली. मला तुरुंगाची भीती वाटते.

१६ फेब्रुवारी

बऱ्याच महिन्यांनी लिहितो आहे. भंडाऱ्याला भाड्याची खोली घेतली आहे. रुचिताच्या घरी सत्यभामा मला जेवायला वाढते, बोलत नाही. केसला तारखा पडतात.

आज घराचं कुलूप बदलायला गावी गेलो होतो. परतीच्या बसला अवकाश होता. पाय बोडीकडे वळले.

पाळीचं काम सुरू होतं. खिंडार जवळजवळ भरत आलं आहे. बायामाणसं रांगेने घमेल्यातून माती आणून टाकत होती, काही जण पाणी मारून तुडवत होते. भय्याजींचा मुनीम सावलीत बसला होता. त्याने मला बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं.

मातीत गुणाबाई होती. पाय घोट्यापर्यंत बुडलेले, एकाच जागी परत परत पाय आपटत होती. बाकीच्या बाया पुढे सरकल्या तरी ती सरकत नव्हती.

मी जवळ गेलो. "गुणाबाई, इथं काहून? याच पाळीवर?"

"काम इथंच सुरू हाय."

"लाखनीला गेली असती. ढाब्यावर, कुठं दुकानात..."

मी खाली बघितलं तर पूर्वीच्याच जागेवर टिनाचे पत्रे टाकून घर उभं केलेलं. पुढे चूल, बांबूला टांगलेलं लुगडं वाळत होतं.

"परत तिथंच बांधलं?"

"मंग कुठं बांधू? जागा देते कोण?" ती थांबली आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. "सरका थोडे. तुमी उभे हाय थे जागा अजून दाबली नाई."

मी सरकलो. तिने तिथे पाणी शिंपडलं आणि तुडवायला लागली. मुनीमाने वरून हाक मारली, एवढं कायले दाबत बसली, पुढं चाल. तिने ऐकलं नाही.

"तो ओरडतो आहे," मी म्हटलं.

"वरडू दे. बाकीचे मजुरीसाठी दाबतात, थे पुढं जातात." तिने टाच आणखी खोल रोवली. "खाली घर माहं हाय."

मी तिथेच उभा राहिलो. काही वेळाने ती पाय न थांबवता म्हणाली, "जा भाऊजी. तुमची बस जाईल."